परमेश्वराने नाथानाला पाठवलं: दाविदाच्या शिक्षेचा प्रकरण अभ्यास

"ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो." हे वचन बहुतेकांच्या कानावर पडतं ते नको त्या वेळी. कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाचं मूल गेलेलं असतं, आणि भेटायला आलेलं कुणीतरी इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय उघडतं. ऐकणाऱ्याच्या मनात मग दोनच प्रश्न उरतात. मी असं काय केलं? आणि ही कसली प्रीती? मी स्वतः हे वचन अशा घरांत वाचलं आहे. आज वाटतं, त्यातल्या काही घरांत ते वाचायला नको होतं. वचन खोटं नाही. ते कशाबद्दल बोलतं, हे मला नीट उमगलं नव्हतं.

म्हणून इथे एकच प्रकरण सावकाश पाहायचं आहे: शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 11व्या आणि 12व्या अध्यायातलं, दावीद राजाचं. पवित्र शास्त्रात दुःखाचे प्रसंग पुष्कळ आहेत. पण हे दुःख म्हणजे शिक्षा आहे, ती अमुक गोष्टीची आहे, आणि शिक्षेनंतर त्या माणसाचं देवाशी नातं असं असं राहिलं, एवढं सगळं उघड सांगितलेले प्रसंग थोडे. हा त्यांपैकी एक आहे.

काय घडलं

वसंत ऋतू, राजे लढाईला निघण्याचे दिवस. दाविदाने आपला सेनापती यवाब याला आणि सैन्याला अम्मोनी लोकांवर पाठवलं. त्यांनी राब्बा नगराला वेढा घातला. राजा मात्र यरुशलेमेतच राहिला. एका संध्याकाळी तो राजवाड्याच्या गच्चीवर फिरत असताना त्याला एक स्त्री स्नान करताना दिसली. त्याने चौकशी केली. उत्तर आलं: ती एलीयामाची मुलगी, उरीया हित्तीची बायको बथशेबा. थांबायला एवढं उत्तर पुरेसं होतं. उरीया कुणी परका नव्हता. पुस्तकाच्या शेवटाकडे दाविदाच्या सदतीस शूर वीरांची यादी आहे, तिच्यातलं शेवटचं नाव उरीयाचं आहे.

दाविदाने माणसं पाठवून तिला आणवलं. पुढे तिने निरोप पाठवला, मी गरोदर आहे. मग झाकाझाकी सुरू झाली. उरीयाला रणांगणावरून बोलावून घेतलं, लढाईची विचारपूस केली, घरी जाऊन आराम कर म्हणून सांगितलं. उरीया घरी गेला नाही, राजवाड्याच्या दाराशी सेवकांबरोबर झोपला. कराराचा कोश (देवाच्या उपस्थितीची खूण असलेली पेटी) आणि इस्राएल तंबूंत असताना मी घरी जाऊन खाऊ-पिऊ आणि बायकोपाशी निजू काय, असं त्याने राजालाच विचारलं. दुसऱ्या दिवशी दाविदाने त्याला दारू पाजून पाहिली. तरीही तो घरी गेला नाही. शेवटी राजाने यवाबाला पत्र लिहिलं: लढाई तुंबळ असेल तिथे याला पुढे घाला आणि मागे सरा, म्हणजे हा मरेल. हे पत्र उरीयाच्याच हाती दिलं. त्याने ते इमानाने पोहोचवलं.

उरीया मेला, त्याच्याबरोबर आणखीही काही सैनिक मेले. यवाबाचा जासूद आला तेव्हा दाविदाने त्याच्याकडून उलट निरोप धाडला: ही गोष्ट तुझ्या दृष्टीला वाईट वाटू देऊ नकोस, तलवार कधी याला खाते, कधी त्याला. बथशेबेचं सुतक संपल्यावर त्याने तिला घरी आणलं. मुलगा झाला. अध्यायाचं शेवटचं वाक्य छोटं आहे: दाविदाने केलेली ही गोष्ट परमेश्वराच्या दृष्टीला वाईट दिसली. वरचा निरोप आणि हे वाक्य शेजारी ठेवून वाचा. "तुझ्या दृष्टीला वाईट वाटू देऊ नकोस" आणि "परमेश्वराच्या दृष्टीला वाईट दिसली". राजाच्या हुकमाने रणांगण गप्प बसलं, दरबार गप्प बसला. एक जण गप्प बसला नाही.

पाठवणं

हा अध्याय वाचताना एका क्रियापदाखाली रेघा ओढत गेलं तर पान भरून जातं. दावीद यवाबाला पाठवतो. चौकशीला माणूस पाठवतो. बथशेबेला आणायला जासूद पाठवतो. उरीयाला पाठवून दे म्हणून यवाबाकडे निरोप पाठवतो. उरीयाच्या हाती पत्र पाठवतो. हिब्रूत ते 'शालख' हे एकच क्रियापद आहे. ज्याने पाठवायचं आणि बाकीच्यांनी जायचं, असा माणूस म्हणजे राजा. स्वतः जागचं न हलता तो एका स्त्रीला आणवतो आणि एका पुरुषाला मारवतो.

आणि 12वा अध्याय सुरू होतो तो असा: "मग परमेश्वराने नाथानाला दाविदाकडे पाठवलं." क्रियापद तेच, पाठवणारा दुसरा.

माझ्या मते या प्रकरणातली प्रीती इथे आहे, याच वाक्यात. शिक्षा अजून सुरूही झालेली नाही. पण देव काय करू शकत होता ते पाहा. तो काहीच न करता राहू शकला असता. मूल जन्माला आलं होतं, म्हणजे कित्येक महिने उलटले होते आणि सगळं सुरळीत चाललं होतं. दाविदाच्या आधीच्या राजाला, शौलाला, शेवटी तेच मिळालं: त्याने परमेश्वराला विचारलं, पण स्वप्नांतून, उरीमाने (देवाचा कौल घेण्याच्या याजकाकडच्या साधनाने) किंवा संदेष्ट्यांकडून त्याला उत्तर आलं नाही. पौलाने रोमकरांस लिहिताना देवाच्या क्रोधाचं जे रूप दाखवलं आहे तेही हेच: देवाने त्यांना त्यांच्या मनाच्या वासनांच्या स्वाधीन केलं. वीज कोसळली नाही, माणसाला त्याच्या मर्जीवर सोडून दिलं. आपण शिक्षेला घाबरतो. पवित्र शास्त्राला जास्त भीती वाटते ती देवाने हात काढून घेण्याची.

नाथान जिवावर उदार होऊन गेला असणार. ज्या राजाने स्वतःचा शूर वीर मारवला, त्याला संदेष्टा काय जड होता? त्याने आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. एका नगरात दोन माणसं होती. श्रीमंताकडे मेंढरं-गुरं पुष्कळ. गरिबाकडे विकत घेतलेली एकच कोकरी. ती त्याच्या मुलांबरोबर वाढली, त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या प्याल्यातून प्यायची, कुशीत निजायची, मुलीसारखी होती. श्रीमंताकडे पाहुणा आला. स्वतःचं जनावर कापायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून त्याने गरिबाची कोकरी घेतली.

या गोष्टीत कोकरीवर एका शब्दाचाही दोष नाही. बथशेबेकडे बोट दाखवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, ती या मजकुरातून आलेली नाही.

दावीद भडकला. परमेश्वराच्या जीविताची शपथ, हा माणूस मरणाला पात्र आहे. त्याने चौपट भरपाई द्यावी. चोरून कापलेल्या एका मेंढराबद्दल चार, हा निर्गमच्या 22व्या अध्यायातला नियम आहे. राजाला नियमशास्त्र पाठ होतं. नाथानाने हिब्रूत फक्त दोन शब्द उच्चारले, "अत्ता हाईश". तूच तो माणूस.

आधी गाऱ्हाणं, मग निकाल

यानंतर देवाचं म्हणणं नाथानाच्या तोंडून येतं, आणि त्याची सुरुवात लक्षपूर्वक वाचावी. न्यायाधीश आधी गुन्हा वाचतो. इथे देव आधी दिलेलं आठवतो. मी तुला अभिषेक केला, शौलाच्या हातून सोडवलं, राज्य दिलं, आणि हे थोडं वाटलं असतं तर मी आणखीही दिलं असतं. मग तू माझं वचन का तुच्छ मानलंस? हे दुखावलेल्या बापाचं बोलणं आहे. "मागितलं असतंस तर दिलं नसतं का?" असं बाप मुलाला विचारतो तेव्हा त्याला शिव्या द्यायच्या नसतात, त्याला काहीतरी फार लागलेलं असतं.

मग निकाल. तलवार तुझ्या घराला सोडणार नाही. दाविदाने यवाबाला ज्या तलवारीचा इतक्या सहज उल्लेख करून निरोप धाडला होता, तोच शब्द. तुझ्याच घरातून तुझ्यावर अरिष्ट येईल. तू गुपचूप केलंस, मी उघड्या उन्हात करीन.

दावीद म्हणाला, "मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे." हिब्रूत हेही दोनच शब्द. शौलानेही एकदा शमुवेलाला "मी पाप केलं" म्हटलं होतं, पण लगेच पुढे जोडलं होतं: आता माझ्या लोकांच्या वडील मंडळींसमोर माझा मान राख. दाविदाच्या वाक्याला पुढे काही जोडलेलं नाही. 51व्या स्तोत्राच्या शीर्षकात ते याच प्रसंगाशी जोडलेलं आहे, आणि त्यात तो मागतो काय? तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस. शौलावरून आत्मा निघून गेल्यावर त्याचं काय झालं, हे दाविदाने वीणा वाजवताना समोर बसून पाहिलं होतं. त्याला शिक्षेचं भय नव्हतं, ते रिकामेपण त्याला नको होतं.

नाथानाचं उत्तर या प्रकरणाचा कणा आहे: परमेश्वरानेही तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस. तथापि तुझं हे मूल मरेल.

क्षमा आणि शिक्षा एका दमात, एकाच तोंडून, आणि क्षमा आधी. क्षमा झाली तर शिक्षा कशाची? आणि शिक्षा आहे तर क्षमा कसली? 13व्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने याच वचनांवरून म्हटलं की दोष माफ झाला तरी काही ऐहिक शिक्षा भोगायची उरू शकते. 16व्या शतकात धर्मसुधारक कॅल्विनला ते पटलं नाही. त्याने देवाचा सूड घेणारा न्याय आणि सुधारणारा न्याय असे दोन वेगळे केले. दाविदाची शिक्षा दुसऱ्या प्रकारची, मागचं फेडण्यासाठी नव्हे तर पुढचं सावरण्यासाठी, असं त्याचं म्हणणं. मी या वादात कॅल्विनच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण मजकुरातच आहे. व्यभिचाराला मरण, खुनाला मरण, हे नियमशास्त्र. दाविदाने स्वतःच्या तोंडानेही मरणच सांगितलं होतं. ती शिक्षा रद्द झाली. फेड म्हणून जे द्यायचं होतं ते त्याचं स्वतःचं आयुष्य, आणि ते त्याच्याकडून घेतलं गेलं नाही. उरलं ते फेड म्हणून पुरणारच नव्हतं.

ख्रिस्ती वाचकाला इथून यशयाच्या 53व्या अध्यायापर्यंत जावं लागतं. परमेश्वराच्या शिक्षेचा अनादर करू नकोस, असं नीतिसूत्रांच्या 3ऱ्या अध्यायात म्हटलं आहे. तिथे हिब्रू शब्द 'मूसार' आहे. यशयाने दुःख सोसणाऱ्या सेवकाबद्दल लिहिलं, आम्हांला शांती देणारी शिक्षा त्याच्यावर आली. तिथेही 'मूसार'च आहे. ज्या शिक्षेने देवाशी समेट होतो ती ख्रिस्तावर गेली, असं आपण मानतो. तसं असेल तर विश्वासणाऱ्याच्या वाट्याला उरलेल्या शिक्षेत भरपाईचा अंश असूच शकत नाही. दाविदाच्या घरातले पुढचे मृत्यू मोजून, चौपट हिशेब कसा पुरा झाला हे दाखवणारं एक जुनं वाचन आहे. ते चतुर आहे, पण माझं मन त्यावर बसत नाही. त्यात बाप दिसत नाही, वसुली दिसते.

सात दिवस

मूल आजारी पडलं. दाविदाने उपास धरला, रात्र रात्र जमिनीवर पडून राहिला. वडीलधाऱ्यांनी उठवलं तरी उठला नाही. सातव्या दिवशी मूल गेलं. राजाला सांगायची कुणाची छाती होईना. त्यांची कुजबुज पाहून त्यानेच ओळखलं.

यानंतर तो उठला, अंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन केलं आणि मग घरी येऊन जेवला. सेवकांना हे उलटं वाटलं. मूल जिवंत होतं तेव्हा रडत होतास, आता गेल्यावर जेवतोस? त्याचं उत्तर: परमेश्वर कृपा करील आणि मूल जगेल, कुणास ठाऊक, म्हणून रडलो. आता मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही.

निकाल सांगितलेला असताना तो सात दिवस विनवत राहिला, यात मला त्याचा देवावरचा भरवसा दिसतो. ज्याच्या हातून घाव येतो आहे त्याच्याच पायाशी तो पडून राहिला. दुसरीकडे गेला नाही. मार खाणारं लहान मूल मारणाऱ्या आईलाच बिलगतं, तसं काहीसं.

हे लिहिताना मी एका गोष्टीला वळसा घालणार नाही. मुलाने काय केलं होतं? काही नाही. मजकूर म्हणतो की परमेश्वराने त्या मुलाला आजारी केलं. बापाच्या पापाबद्दल मुलाला मृत्युदंड देऊ नये, हा अनुवादाच्या 24व्या अध्यायातला नियम त्याच शास्त्रात आहे. कुणी म्हणतं, मूल देवाकडे गेलं, त्याची हानी झाली नाही. दाविदाचं "मी त्याच्याकडे जाईन" त्यांना आधार देतं, आणि मीही त्या आशेला धरून आहे. पण बथशेबेचं काय? नवरा गेला, मूल गेलं, आणि दोन्ही वेळा तिला कुणी काही विचारलं नाही. या दुःखाला शिक्षा म्हणायचं असेल तर ती दाविदाची. तिची नव्हे. तिला कोणताही संदेष्टा काही बोललेला नाही.

पुढच्या अध्यायातल्या तामारेबद्दल, दाविदाच्या मुलीबद्दलही हेच. तिचा सावत्र भाऊ अम्नोन याने तिच्यावर बलात्कार केला तो स्वतःच्या वासनेने, स्वतःच्या कपटाने. ती नाही म्हणाली, मजकुराने तिचे शब्द जपून ठेवले आहेत. तिच्या दुःखाला दैवी वळण म्हणणं म्हणजे तिच्यावर दुसरा अन्याय. देव दाविदाच्या घरातली मोडतोड दाविदाला वळण लावायला वापरतो, पण त्याने मोडणाऱ्याचा गुन्हा देवाच्या नावावर चढत नाही.

यावरून मी स्वतःपुरता एक दंडक घेतला आहे. माझ्या दुःखात देव मला काही शिकवतो आहे का, हे मी विचारू शकतो. तुमच्या दुःखाबद्दल ते मी सांगू शकत नाही. ईयोबाच्या मित्रांनी तेच केलं आणि देवाने शेवटी त्यांना खोटं पाडलं. जन्मांध माणसाकडे पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, याच्या आईबापांचंही नाही. दाविदाला शिक्षा कळली, कारण ती त्याला नाव घेऊन, कारण सांगून कळवली गेली. जिथे नाथान नाही तिथे आपण नाथान व्हायला जाऊ नये.

दोन बाप

मला या प्रकरणातली सगळ्यांत बोलकी गोष्ट दाविदाच्या स्वतःच्या बापपणात सापडली. अम्नोनाचं कृत्य कळल्यावर दाविदाला फार राग आला, असं 13वा अध्याय सांगतो. आणि पुढे? काही नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात इथे एक वाक्य जास्त आहे: त्याने अम्नोनाचं मन दुखवलं नाही, कारण तो ज्येष्ठ मुलगा म्हणून त्याच्यावर त्याची प्रीती होती. कदाचित अम्नोनाच्या समोर उभं राहून "तू हे का केलंस?" विचारायला त्याची जीभ उचलली नसेल. उरीयाच्या बायकोला उचलून आणणारा बाप कुठल्या तोंडाने विचारणार? दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारवलं. मग अबशालोम पळून जाऊन तीन वर्षं गशूर या परक्या राज्यात राहिला. परत आल्यावर आणखी दोन वर्षं बापाने त्याला तोंड दाखवलं नाही. शासन नाही, समेटही नाही, नुसतं तोंड फिरवणं. त्यातून अबशालोमाचं बंड उभं राहिलं.

दाविदाच्या म्हातारपणी त्याचा आणखी एक मुलगा अदोनीया याने राजा होण्याचा घाट घातला तेव्हा त्याच्याबद्दल राजांच्या पहिल्या पुस्तकात एक वाक्य येतं: "तू असं का केलंस?" असं विचारून त्याच्या बापाने त्याचं मन कधीही दुखवलं नव्हतं.

कधीही नाही. यालाही लोक प्रीतीच म्हणतात. देवाने दाविदाला तो प्रश्न विचारला, दाविदाने आपल्या मुलांना विचारला नाही. देवाचा हा मुलगा, दावीद, खचला, रडला आणि वाचला. दाविदाचे तिघे मुलगे मारले गेले. इब्री लोकांस पत्रात एक कडक वाक्य आहे: ज्या शिक्षेचे सगळे वाटेकरी झाले तिच्याविना तुम्ही असाल तर तुम्ही खरे पुत्र नव्हे. अदोनीयाची हकीकत वाचल्यावर ते वाक्य मला वेगळं ऐकू येऊ लागलं. मार नाही म्हणजे पुत्र नाही, एवढंच ते म्हणत नाही. तुझ्याबद्दल कुणाला काही पडलेलंच नाही, असं ते म्हणतं.

वळण

आपल्याला 'शिक्षा' म्हटलं की छडी आणि कोर्ट आठवतं. पण शिक्षा आणि शिक्षण एकाच 'शिक्ष्' धातूची, आणि त्या धातूचा अर्थ शिकणं. इब्री लोकांस पत्राच्या मूळ ग्रीकमधला 'पायदेइया' हा शब्दही 'पाइस', म्हणजे मूल, यावरून आला: मुलाला वाढवणं, घडवणं. आपल्या बोलीतला 'वळण लावणं' हा शब्द मला त्याच्या सगळ्यांत जवळचा वाटतो. ज्यांना हे पत्र लिहिलं त्यांनी काही विशेष पाप केलेलं नव्हतं. त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, त्यांची उघड निंदा झाली होती, आणि ती ख्रिस्ताला धरून राहिल्याबद्दल. म्हणजे वळण लागायला दर वेळी अपराध व्हावाच लागतो असं नाही. त्याच पत्रात ज्याच्यात पाप नव्हतं त्या पुत्राबद्दलही म्हटलं आहे की, जे सोसलं त्यातून तो आज्ञापालन शिकला.

आणि तेच पत्र म्हणतं की आपल्या देहाच्या बापांनी त्यांना बरं वाटेल तशी शिक्षा केली. बापाचा हात चुकतो, हे तिथेच कबूल केलं आहे. घरात मारझोड करून वर हेच वचन तोंडावर फेकणाऱ्याने ते वाक्य वाचावं.

दाविदाला वळण लागलं का? अबशालोमाच्या बंडात तो अनवाणी, डोकं झाकून, रडत जैतुनांच्या डोंगरावर चढत होता. सादोक याजक कराराचा कोश घेऊन आला तेव्हा दाविदाने तो परत पाठवला. परमेश्वराची कृपादृष्टी माझ्यावर झाली तर तो मला परत आणील. तू मला नकोस म्हणाला तर हा मी आहे, त्याला बरं वाटेल ते त्याने करावं. जो राजा एकेकाळी हवं ते पाठवून आणवत होता, त्याने देवाच्या उपस्थितीची खूणही आपल्यासाठी ओढून आणली नाही. पुढे शौलाच्या घराण्यातला शिमी धोंडे मारत, शाप देत बरोबर चालू लागला. यवाबाचा भाऊ अबीशय याने त्याचं डोकं उडवायची परवानगी मागितली. तलवार याला खाते, त्याला खाते, असं म्हणणारा माणूस या वेळी म्हणाला: देऊ दे शाप.

तो पुन्हा चुकलाच नाही असं नाही. अबशालोमासाठीचा त्याचा आक्रोश वाचवत नाही, "तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर!" आणि त्या आक्रोशात काही प्रमाणात उशिरा जागं झालेलं बापपण आहे. पण गच्चीवरचा माणूस आणि डोंगरावर अनवाणी चढणारा माणूस एक नाहीत.

नाथान पुन्हा आला

मुलाच्या मृत्यूनंतरचं एक छोटं वचन बहुतेकदा वाचताना सुटतं. दाविदाने बथशेबेचं सांत्वन केलं. मूल आजारी पडलं तेव्हाही मजकूर तिला उरीयाची बायको म्हणत होता. या ठिकाणी तो तिला 'त्याची बायको बथशेबा' म्हणतो. तिला मुलगा झाला, त्याचं नाव शलमोन. परमेश्वराने त्याच्यावर प्रीती केली, आणि नाथान संदेष्ट्याच्या हाती निरोप पाठवून त्याचं नाव यदीद्या ठेवलं, म्हणजे परमेश्वराचा लाडका.

तेच 'पाठवणं', तोच नाथान. ज्या पावलांचा आवाज ऐकून दाविदाच्या पोटात गोळा येत असेल, ती पावलं पुन्हा दारात आली, आणि या वेळी नाव घेऊन आली. दाविदानेही नाथानाला कधी दूर केलं नाही. राजा थकून अंथरुणाला लागला तेव्हाही नाथानाला त्याच्या खोलीत जाता येत होतं, आणि शलमोनाचं राज्य वाचवायला आधी बथशेबा आणि तिच्या मागोमाग नाथान आत गेला.

इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात 3ऱ्या अध्यायात दाविदाच्या यरुशलेमेत जन्मलेल्या मुलांची यादी आहे. बथशेबेच्या पोटी चार मुलगे दिले आहेत: शिमा, शोबाब, नाथान, शलमोन. कुणावरून नाव ठेवलं ते तिथे लिहिलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूची वंशावळ दाविदापर्यंत जाते ती शलमोनातून नाही, या नाथानातून.